गावातल्या माजी सैनिकाला निरोप देताना

आपल्याकडे मिलिटरीतून रिटायर होऊन आलेला माणूस गावाच्या तोंडी 'मेजर'च असतो. तो लान्स नायक म्हणून घरी आलेला असो की सुभेदार म्हणून, पारावर त्याला 'या मेजरसाहेब' अशीच हाक पडते. त्यात मायाच असते. पण हा माणूस गेला की त्याच मायेपोटी दोन तासांत भलत्याच गोष्टी ठरू लागतात. कुणी तिरंगा आणायला दुकानाकडे धावतो, कुणी आमदारांच्या पीएला फोन लावतो, कुणी फ्लेक्सवाल्याला 'शहीद' असा मजकूर सांगतो, आणि कुणी 'तोफांची सलामी होणार' असं घरच्यांना सांगून मोकळा होतो. संध्याकाळपर्यंत यातलं फारसं काही होत नाही. मग जन्मभर शिस्तीत राहिलेल्या माणसाचा शेवटचा दिवस सरकारच्या नावानं बोटं मोडण्यात जातो.

१९७१ च्या लढाईत जे विशीत होते ते आज पंचाहत्तरीच्या आसपास किंवा त्यापुढे आहेत. १९६५ पाहिलेले तर ऐंशी ओलांडून गेले. जालना, बदनापूर, भोकरदन, जाफराबाद, अंबड, घनसावंगी, परतूर, मंठा अशा जालना जिल्ह्याच्या आठही तालुक्यांत माजी सैनिकांची घरं आहेत, आणि येत्या काही वर्षांत ही वेळ त्यातल्या पुष्कळ घरांवर येणार आहे. हक्कानं काय मिळतं, मागून काय मिळू शकतं आणि गावाला स्वतःच्या बळावर काय करता येतं, या तीन गोष्टी वेगळ्या आहेत. त्यांची गल्लत झाली की मनस्ताप होतो. माझ्या मते तिसरी गोष्ट सगळ्यात मोलाची, आणि तिच्याकडेच सगळ्यात कमी लक्ष जातं.

हक्काचं काय, विनंतीचं काय

जवान सेवेत असताना गेला, मग सीमेवर असो की सुट्टीवर घरी आलेला असताना, तर त्याच्या युनिटला कळवायचं. पुढची लष्करी बाजू युनिट आणि जवळचं स्टेशन हेडक्वार्टर पाहतात. निवृत्त सैनिकाचं तसं नाही. पेन्शनवर असलेल्या प्रत्येक माजी सैनिकाला आपोआप लष्करी किंवा शासकीय इतमाम मिळतो, हा समज चुकीचा आहे. तो घरच्यांना आधीच सांगून ठेवलेला बरा.

शौर्यपदकाची गोष्ट निराळी. परमवीर, महावीर, वीर किंवा अशोक, कीर्ती, शौर्य यांपैकी एखाद्या चक्राचे मानकरी गेले असतील तर पहिल्याच फोनवर ते सांगा. तिथे लष्करी मानवंदनेचा विचार होतो. शासकीय इतमामाचा निर्णय मुंबईत, मुख्यमंत्र्यांच्या पातळीवर होतो आणि आदेश जिल्हाधिकाऱ्यांमार्फत पोलिसांपर्यंत येतो. जालन्यात राज्य राखीव पोलीस बलाचा गट क्रमांक तीन आहे, म्हणून 'एक तुकडी पाठवायला काय जातंय' असं लोक म्हणतात. पण आदेशाशिवाय तुकडी हलत नाही, आणि ठाण्यातल्या फौजदारावर चिडून काही उपयोग नसतो.

मराठवाड्यात या गैरसमजाला एक जुनं कारण आहे. हैदराबाद मुक्तिसंग्रामातले स्वातंत्र्यसैनिक गेले तेव्हा तहसीलदार आले, पोलिसांनी बंदुकीच्या फैरी झाडल्या, हे आपल्या मागच्या पिढीनं गावोगाव पाहिलं. स्वातंत्र्यसैनिक आणि माजी सैनिक हे सरकारदरबारी दोन वेगळे वर्ग आहेत. शब्द सारखे वाटतात, नियम वेगळे आहेत.

म्हणून पहिला फोन पुढाऱ्याला नको. तो जालन्याच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाला करा. तिथले कल्याण संघटक बहुधा स्वतःच फौजेतून आलेले असतात. आर्मी नंबर म्हणजे काय हे त्यांना समजावून सांगावं लागत नाही. फोन करणाऱ्यानं डिस्चार्ज बुक समोर धरावं आणि नंबर, हुद्दा, पूर्ण नाव, रेजिमेंट, निवृत्तीचं वर्ष, पदकं, मृत्यूची वेळ, अंत्यविधीची वेळ आणि जागा एवढं एका दमात सांगावं. दुसरा फोन तालुक्यातल्या माजी सैनिक संघटनेला, तिसरा पोलीस पाटलांना. जवळची छावणी छत्रपती संभाजीनगरला, जालन्याहून साधारण साठ किलोमीटरवर. तिथल्या स्टेशन हेडक्वार्टरला विचारायचं ते असं: 'आपल्याकडून पुष्पचक्र किंवा एखादा प्रतिनिधी येऊ शकेल का?' विनंतीला होकार मिळण्याची शक्यता असते. 'सलामी का देत नाही' या सवालाला उत्तरच नसतं. छावणीतून माणूस यायचा तर त्याला परवानगी, गाडी आणि रस्ता या सगळ्याला वेळ लागतो, म्हणून विधीची वेळ एकदा ठरवली की वारंवार बदलू नका.

वेळेचं बोलायचं तर मुलं पुण्या-मुंबईला असतात, समृद्धी महामार्गानं ती आता लवकर पोचतात, तरी उन्हाळ्यात आपल्याकडे देह सकाळपासून दुपारपर्यंत ठेवणंही कठीण. शीतपेटी लगेच मागवा. जालना शहरात ती मिळते, मंठ्याच्या किंवा जाफराबादच्या टोकाच्या गावाला पोचायला वेळ लागतो.

तिरंग्याबद्दल नीट

सगळ्यात जास्त चूक इथेच होते, आणि ती कायद्याच्या कक्षेत जाते. राष्ट्रीय सन्मानाचा अवमान प्रतिबंधक कायदा १९७१ चा आहे. राष्ट्रध्वज कशावरही आच्छादन म्हणून घालणं हा त्यानुसार अवमान ठरतो. अपवाद फक्त शासकीय, सैन्यदलाच्या आणि निमलष्करी दलाच्या अंत्यसंस्काराचा. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही. फेब्रुवारी २०२१ मध्ये उत्तर प्रदेशातल्या पिलीभीत जिल्ह्यात शेतकरी आंदोलनातून परत न आलेल्या एका माणसाच्या पार्थिवावर घरच्यांनी तिरंगा घातला, तर त्यांच्यावरच गुन्हा नोंदवला गेला. दुःखात असलेल्या घरच्यांवर गुन्हा दाखल करणं कुणाला पटेल न पटेल, कायदा मात्र असा आहे. निवृत्त सैनिकाला इतमामाचा आदेश नसेल तर दुकानातून आणलेला झेंडा तिरडीवर घालू नये. ज्या माणसानं त्या झेंड्याला नियमानं सलाम केला त्याच्याच अंगावर तो नियम मोडून घालायचा, हे मला तरी विसंगत वाटतं.

आदेश मिळाला तर ध्वज पोलीस किंवा लष्करच आणतं. ध्वजसंहिता २००२ सांगते की केशरी पट्टा डोक्याकडे असावा, आणि ध्वज चितेत जाळू नये, कबरीत उतरवू नये. अग्नी देण्याआधी तो काढून, घडी घालून वारसाच्या हातात दिला जातो. तो कुणाच्या हातात द्यायचा हे आधी ठरवा. चितेशेजारी थोरला मुलगा आणि पत्नी एकमेकांकडे पाहत उभे राहतात आणि अधिकारी हात पुढे करून ताटकळतो, असं होऊ नये. माझं मत विचाराल तर तो पत्नीकडे द्यावा. ती स्मशानात येणार नसेल तर घरून निघताना तिच्याशी बोलून घ्यावं, आणि आमच्याकडे बायका स्मशानात जात नाहीत म्हणून तिला मुळातच थांबवायचं का, याचाही घरानं त्या दिवशी जरा विचार करावा.

ग्रामपंचायतीवरचा झेंडा कुणी आपणहून अर्ध्यावर आणू नये. तो आदेशानंच उतरतो. अंत्ययात्रेत पोरांच्या हातात कागदी झेंडे द्यायचे असतील तर ते नंतर रस्त्यावर तुडवले जाणार नाहीत याची जबाबदारी एका माणसाकडे द्या.

मग तिरडीवर काय घालायचं? पांढरी शाल. तिच्यावर त्यांची रेजिमेंटची बेरे टोपी किंवा फेटा, आणि पुढे एका लहान गादीवर पदकं. माणूस वारकरी असेल तर उपरणं आणि तुळशीची माळ. तो फौजी होता आणि माळकरीही होता, दोन्ही दिसू द्या. पदकं देहावर टाचू नयेत, चितेत तर मुळीच जाऊ देऊ नयेत. घरातल्या कुणी ती परिधान करायची असतील तर उजव्या छातीवर. डावी छाती ज्यानं कमावली त्याची.

जे गावाच्या हातात आहे

फील्ड मार्शल सॅम माणेकशॉ २७ जून २००८ ला वेलिंग्टनच्या लष्करी रुग्णालयात गेले. १९७१ चा विजय ज्यांच्या नावावर आहे त्यांच्या अंत्यविधीला राष्ट्रपती, पंतप्रधान आले नाहीत, म्हणून देशभर टीका झाली. टीका रास्तच होती. पण तिथे जे जवान खांद्याला खांदा लावून उभे होते त्यांच्या उभं राहण्यात काही उणं नव्हतं. आपल्या गावाला पालकमंत्री येणार की नाही याची वाट पाहत चिता दोन तास थांबवणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावं. पुढारी आले तर त्यांनी फूल वाहावं, रांगेत उभं राहावं. भाषण नको.

मानवंदना देण्यासाठी पंचक्रोशीतले सहा-आठ माजी सैनिक पुरतात. एकानं कमांड द्यावी, जो सगळ्यात सीनियर असेल त्यानं. पोशाख पांढरा शर्ट, गडद पँट किंवा ब्लेझर, डोक्यावर आपापल्या रेजिमेंटची बेरे, छातीवर स्वतःची पदकं. पूर्ण गणवेश चढवण्याचा मोह टाळावा. बेरे डोक्यावर असेल तर हातानं सलाम करायचा, डोकं उघडं असेल तर नुसतं सावधान उभं राहायचं. खांदा देणारे उंचीनं सारखे निवडा, नाहीतर तिरडी कलते. गावच्या वेशीपासून स्मशानापर्यंत शेवटची शंभर पावलं धीम्या चालीनं जावं, मध्ये कुणी घोषणा देऊ नये. 'अमर रहे' वेशीच्या आत हवं तेवढं म्हणा.

लष्करी अंत्यविधीत पुष्पचक्रं वाहून झाली की शस्त्रं उलटी धरून शोकशस्त्र होतं, रायफलींच्या तीन फैरी झडतात आणि बिगुलावर आधी 'लास्ट पोस्ट' आणि मग 'राउझ' वाजतं. लास्ट पोस्ट हा मुळात छावणीतला दिवस संपल्याचा बिगुल, राउझ सकाळी उठवण्याचा. गावाच्या विधीत फैरी नसतील, बाकीचा क्रम तसाच ठेवता येतो: पुष्पचक्र, सावधान, सलाम, लास्ट पोस्ट, दोन मिनिटं शांतता, राउझ, आणि मग धर्मविधी. बिगुल वाजवणारा एनसीसीच्या किंवा शाळेच्या बँडमध्ये मिळाला तर उत्तम. नाही मिळाला तर चांगल्या स्पीकरवर ध्वनिमुद्रण लावा, पण ते लावणारा माणूस ठरवून ठेवा आणि मोबाइल एअरप्लेन मोडवर टाकायला सांगा. लास्ट पोस्ट चालू असताना मध्येच रिंगटोन वाजली की सगळ्यावर पाणी पडतं.

डीजेवर देशभक्तीची सिनेमागीतं लावण्याची पद्धत अलीकडे आली आहे. तरुण पोरांना त्यात भावना वाटते हे मी समजू शकतो. पण जो माणूस पहाटेच्या शांततेत ड्यूटी देऊन आला त्याला हा आवाज शोभत नाही. आणि 'तोफांची सलामी' नावाखाली कुणाच्या परवान्याच्या बंदुकीनं हवेत बार काढू नका. २०१९ च्या दुरुस्तीनंतर शस्त्र कायद्यात समारंभात निष्काळजीपणानं गोळीबार करण्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड आहे, आणि वर पडणारी गोळी कुणाच्या डोक्यावर येते ते सांगता येत नाही.

धर्मविधीच्या आधी सैनिकी मानवंदना, हा क्रम सगळ्याच धर्मांत बसतो. मुस्लिम घरात दफन लवकर करायचं असतं. तिथे संघटनेच्या लोकांनी 'थांबा, आमचा कार्यक्रम आहे' म्हणू नये; जनाजा निघण्याआधी दारात पाच मिनिटांत मानवंदना द्यावी आणि नमाजाला वाट मोकळी करावी. बौद्ध घरात त्रिशरण-पंचशीलाच्या आधी ती द्यावी. आपल्याकडच्या अनेक बौद्ध कुटुंबांना महार रेजिमेंटचा वारसा आहे. १९४१ मध्ये बेळगावात उभी राहिलेली ही रेजिमेंट, तिचं केंद्र आता मध्य प्रदेशात सागरला. जवान त्या रेजिमेंटचा असेल तर श्रद्धांजलीत तिचं नाव आवर्जून यावं. लिंगायत समाधी असो की गोदाकाठचा दहनविधी, घरच्या ज्येष्ठांना विचारूनच मानवंदनेची जागा ठरवावी.

अर्ध्या पानाचं टिपण

श्रद्धांजलीच्या भाषणात 'देशासाठी अहोरात्र झटले' असं सगळ्यांबद्दलच बोलतात. त्यातून माणूस कळत नाही. त्याऐवजी एका माणसानं उभं राहून अर्धं पान वाचावं: नंबर, हुद्दा, नाव, कोणत्या वर्षी कुठून भरती, कोणती रेजिमेंट, कुठे कुठे पोस्टिंग, कोणत्या मोहिमेत, कधी निवृत्त, आणि परत आल्यावर गावात काय केलं. सहकारी संस्थेचा हिशेब पाहिला असेल, शाळेच्या पोरांना पळायला शिकवलं असेल, चोवीस तास वॉचमनची नोकरी करून मुली शिकवल्या असतील, तेही लिहा. लाज वाटण्यासारखं त्यात काही नाही.

पदकांची नावं अचूक हवीत. पेटीत सापडलेलं प्रत्येक पदक 'शौर्यपदक' नसतं. समर सेवा स्टार आणि रक्षा मेडल १९६५ च्या काळातलं, पूर्वी स्टार, पश्चिमी स्टार आणि संग्राम मेडल १९७१ चं. ही मोहिमेत किंवा त्या काळात सेवेत असल्याबद्दलची पदकं. त्यांची किंमत कमी नाही, पण फ्लेक्सवर 'शौर्यपदक विजेते' छापलं की समोर उभ्या असलेल्या दहा फौजींना ती चूक लगेच दिसते. हुद्द्याचंही तसंच. हवालदार असेल तर 'हवालदार (निवृत्त)' लिहा. प्रेमाचा 'मेजर' हाकेपुरता ठीक, कागदावर आणि दगडावर नको.

या नेमकेपणाला आपल्याच जिल्ह्यात एक कारण आहे. २३ सप्टेंबर १८०३ ला जुई आणि केळणा नद्यांच्या बेचक्यात असईची लढाई झाली. शिंदे-भोसल्यांची फौज आणि आर्थर वेलस्ली, म्हणजे पुढचा ड्यूक ऑफ वेलिंग्टन. इंग्रजांच्या बाजूचे ४२८ ठार, १,१३८ जखमी, १८ बेपत्ता, असा हिशेब लिहिलेला आहे. मराठ्यांच्या बाजूची हानी 'सुमारे सहा हजार' एवढ्या अंदाजात संपते. आपल्या मातीत मेलेल्या आपल्या माणसांचा आकडासुद्धा गोल आहे. त्यामुळे ज्याचा नंबर, हुद्दा आणि वर्षं आपल्या हातात आहेत, त्याच्याबाबत तरी ढोबळ लिहू नये.

हे टिपण माणूस जिवंत असताना करायचं असतं. आजोबांना एखाद्या दुपारी विचारा, सांगतील तसं मोबाइलवर रेकॉर्ड करा, भरतीच्या वेळचा फोटो स्कॅन करा. ओघात हेही विचारता येतं की तुम्हाला शेवटी काय हवंय. नेत्रदान करायचं असेल तर मृत्यूनंतर सहा तासांच्या आत डोळे काढावे लागतात. देहदानाची इच्छा असेल तर वैद्यकीय महाविद्यालयाचा फॉर्म आधी भरलेला असावा, आणि मानवंदना घरूनच द्यावी लागते. फौजी माणसं या विषयावर घरातल्या इतरांपेक्षा मोकळेपणानं बोलतात, असा अनुभव आहे.

नंतरचे कागद

तिसऱ्या दिवशी राख सावडून झाली की घरातल्या एका शांत माणसानं पिशवी घेऊन बसावं: डिस्चार्ज बुक, पीपीओ म्हणजे पेन्शनचा आदेश, माजी सैनिक ओळखपत्र, ईसीएचएस कार्ड, कँटीन कार्ड, बँक पासबुक, पत्नीचं आधार.

मृत्यूची नोंद २१ दिवसांच्या आत, आणि ती जिथे मृत्यू झाला तिथे. संभाजीनगरच्या दवाखान्यात गेले असतील तर तिथल्या महापालिकेत, गावच्या ग्रामपंचायतीत नव्हे. दाखल्याच्या पाच-सहा प्रती घ्या. त्यानंतर पेन्शन 'स्पर्श' या ऑनलाइन प्रणालीवर असेल तर तिथे, नाहीतर बँकेत मृत्यू कळवा. मृत्यूनंतर खात्यात आलेली पेन्शन एटीएमनं काढू नका; ती परत द्यावी लागते आणि कुटुंब निवृत्तिवेतन अडकतं. ते साधारणपणे शेवटच्या वेतनाच्या ३० टक्के असतं. वाढीव ५० टक्के दर सात वर्षं किंवा दिवंगताच्या वयाची ६७ वर्षं पूर्ण होईपर्यंत, यांपैकी जे आधी येईल तोपर्यंत, म्हणजे ऐंशीत गेलेल्या सैनिकाच्या पत्नीला तो लागू होत नाही. महिन्याचं बजेट त्या हिशेबानं करा.

सगळ्यात जास्त अडतं ते नावावर. पीपीओवर 'कमलबाई', आधारवर 'कमल', जन्मतारीख तिसरीच. ही दुरुस्ती रेकॉर्ड ऑफिसकडून करून घ्यावी लागते. मराठा लाइट इन्फंट्रीचं बेळगावला, महारचं सागरला, बॉम्बे सॅपर्सचं खडकीला. सैनिक हयात असताना त्याच्या एका सहीनं जे काम होतं, त्याला नंतर महिने लागतात. म्हणून हा लेख वाचणाऱ्याच्या घरी माजी सैनिक असेल तर आजच पीपीओ आणि आधार शेजारी ठेवून पाहा.

अनेक माजी सैनिकांकडे परवान्याची बंदूक असते, बँकेच्या किंवा एटीएमच्या नोकरीसाठी घेतलेली. ती लगेच पोलीस ठाण्यात जमा करून पावती घ्या. मुलाच्या नावे परवाना करायचा तो स्वतंत्र अर्ज असतो; तोपर्यंत ती घरात ठेवणं बेकायदा आहे. आर्मी ग्रुप इन्शुरन्सचा वाढीव विमा लागू होता का, अंत्यविधीसाठी किंवा पत्नीसाठी काही सहाय्य मिळतं का, हे सैनिक कल्याण कार्यालयातच विचारा. माजी सैनिक आणि सैनिकांच्या विधवांना घरपट्टीत माफी देणारी राज्याची योजना २०२० पासून आहे. पती गेल्यावर ती माफी आपोआप पत्नीकडे येत नाही, तिच्या नावानं ग्रामपंचायतीत किंवा नगरपालिकेत नवा अर्ज द्यावा लागतो. दहाव्याला आलेल्या पाहुण्यांतला एखादा लिहिता माणूस गाठून तो अर्ज त्याच दिवशी लिहून घ्यावा, आणि मृत्यूचा दाखला आला की जोडून द्यावा.